ऑक्सनार्डांचं गोत्र

१२ नोव्हेंबर

आज दुपारी जेवताना आमच्या नातीनं, सौंदर्यानं, सांगून टाकलं. तिला लग्न करायचंय आणि मुलगा इंग्लंडचा आहे. लीड्सला शिकायला होती तेव्हाची ओळख. तिच्या बापाच्या, राजशेखरच्या, हातातला घास हातातच राहिला. प्रेरणा, म्हणजे आमची सूनबाई, रिकाम्या तांब्यातून माझ्या भांड्यात पाणी ओतत राहिली. मी विचारलं, "आडनाव काय?"

तिघंही माझ्याकडे बघून हसली. हसण्यासारखं काय होतं? कोल्हापुरात अनोळखी माणूस समोर आला की "पावणं, कुठलं?" आणि त्यामागोमाग "आडनाव?" हे ठरलेलंच. उभी हयात शाहूपुरीत गुळाची अडत चालवली. आडनावावरून गाव कळायचं, गावावरून गुळाचा रंग कळायचा.

"ऑक्सनार्ड," ती म्हणाली. "टोबी ऑक्सनार्ड."

"असलं आडनाव पहिल्यांदाच ऐकतोय. अर्थ काय?"

"त्यालाही माहीत नाही, आज्जा."

आडनावाचा अर्थ माहीत नाही आणि माणसाला झोप लागते! आम्ही पट्टणशेट्टी. पट्टण म्हणजे पेठ, शेट्टी म्हणजे तिथला व्यापारी. आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. शाळेत आमचे कवितेचे मास्तर बाकावर डस्टर आपटून ताल धरायचे, आणि एखाद्या शब्दाचा अर्थ आला नाही तर पुढची ओळ म्हणू द्यायचे नाहीत. ती खोड अजून गेली नाही. ऑक्सनार्ड हा शब्द कानावर पडला आणि माझी पुढची ओळ अडली.

मुलगा कसा आहे, काय करतो, हे विचारायचं राहूनच गेलं. उद्या विचारीन.

१४ नोव्हेंबर

मुलगा शाळेत गणित शिकवतो. आई लहानपणीच गेली, वडिलांनी एकट्यानं वाढवलं. राजशेखर आज मोबाइलवर त्या मुलाशी बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, "बरा हाय की." झालं. आमच्याकडे मोठी गोष्ट अशीच पार पडते.

अडलं आहे ते अक्कापाशी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बसव्वा. गडहिंग्लजच्या कोरींच्या घरात दिली. मूलबाळ नाही, दाजीही गेले, एवढ्या घरात एकटी राहते. आमच्या घराण्यात तिच्या शब्दावाचून ठरलेलं लग्न मला आठवत नाही. सौंदर्याच्या शाळेची प्रत्येक उन्हाळी सुट्टी तिच्याकडेच गेली.

सौंदर्यानं निक्षून सांगितलं. "अक्काआज्जीनं पहिली अक्षता टाकली नाही तर इथं मांडव नको. मी तिकडं जाऊन रजिस्टर करीन. दोन सह्या, विषय संपला."

तिकडं म्हणजे मला दिसणार नाही. छातीतली झडप बदलल्यापासून डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू दिलेलं नाही. नातीचं लग्न मोबाइलच्या काचेत बघायचं. हे मी कुणाला बोललो नाही, इथं लिहून ठेवतो.

१५ नोव्हेंबर

अक्काला फोन केला. आमच्यातलं बोलणं जसंच्या तसं लिहितो. मला ती अजून तम्मा म्हणते, कानडीत धाकटा भाऊ.

"कोन? इंग्रज? बरं. गोत्र काय त्येचं?"

"अक्का, त्यांच्यात गोत्र नसतं गं."

"आडनाव हाय न्हवं? मग गोत्र बी असनारच. तू इचारलं नसशील."

"त्यांना स्वतःच्या आडनावाचा अर्थ ठाऊक नाही. गोत्र कुठलं सांगणार?"

"मग तू हुडीक. रिकामाच हाईस की. हे बघ तम्मा, आपलं नंदी गोत्र. त्येचं नंदी सोडून कुटलं बी असू दे, माझं काय म्हननं न्हाय. पर हाय ते कळल्याबिगार मी अक्षता हातात घ्यायची न्हाय." मग जरा थांबून म्हणाली, "तिकडं थंडी लई असती व्हय रं? पोरीला पडसं लगेच व्हतंय."

थंडीचा आणि गोत्राचा काय संबंध? वय झालं, बोलता बोलता भरकटते.

नियम मात्र तिचा बरोबर आहे. आमच्यात नंदी, भृंगी, वीर, वृषभ, स्कंद अशी पाच गोत्रं. एका गोत्रातली सगळी एकमेकांची भावंडं, त्यांच्यात सोयरीक होत नाही. गोत्र शोधायचं तर आडनावाच्या मुळाशी जावं लागणार. माझा जीव आधीच तिकडे धावतोय.

१९ नोव्हेंबर

आडनावांची माहिती देणारी पानं इंटरनेटवर इतकी असतील याची मला कल्पना नव्हती. आपल्याकडे घराण्याचे कुलवृत्तांत निघतात, संमेलनं भरतात, बुंदीचे लाडू वाटतात. इंग्रजही तेच करतात, फक्त लाडू नसावेत. एकेका आडनावाची माणसं कुठल्या परगण्यात किती, याचे नकाशे काढलेत. जास्त वस्ती तिथं गडद रंग, कमी तिथं फिका.

ऑक्सनार्डांचा नकाशा जवळपास कोराच. उत्तरेकडे चार ठिपके, बाकी शुकशुकाट. आकडा एका पानावर एक, दुसऱ्यावर दुसरा, पण कुठलाही धरला तरी आख्ख्या देशातले ऑक्सनार्ड आमच्या एका मंगल कार्यालयात पंगतीला बसतील आणि मागच्या रांगा मोकळ्या राहतील. नुसत्या गडहिंग्लजात पट्टणशेट्टी किती निघतील! आडनावं अशी विरळ होत जातात हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या प्रहरी ओसरीवर बसून त्या फिक्या नकाशाकडे बघत राहिलो. सांजवेळी एखाद्या माळावर एकच दिवा दिसावा तसं वाटलं.

दुसरी गंमत म्हणजे अमेरिकेत ऑक्सनार्ड नावाचं मोठं शहर आहे. या आडनावाच्या भावांनी तिथं बिटाच्या साखरेचा कारखाना काढला, त्यावरून शहराचं नाव पडलं. साखर कारखाना! म्हणजे माणसं आपल्याच धंद्यातली. हे सौंदर्याला सांगायला उठलो तर तीच कागद घेऊन माझ्याकडे येत होती. व्हिसाचं काहीतरी सांगत होती. मी तिला कारखान्याचं सांगितलं.

"टोबीचा त्यांच्याशी काही संबंध नाही, आज्जा."

"असेल गं. मूळ एकच असणार."

ती कागद घेऊन आत गेली.

२३ नोव्हेंबर

सापडलं! सकाळी पूजा आटोपून मोबाइल घेऊन बसलो आणि चहा गार व्हायच्या आत सापडलं. ऑक्सनार्ड म्हणजे बैल राखणारा. जुन्या इंग्रजीत बैल आणि राखणारा हे दोन शब्द जोडून झालेलं, पुढं घासून घासून गुळगुळीत झालेलं नाव. शेकडो वर्षांपूर्वी त्या थंड देशात कुणीतरी एक गडी सकाळी धुक्यातून बैल घेऊन रानात जात होता. गावानं त्याला हाक मारली आणि ती हाक त्याच्या नातवंडा-पतवंडांना चिकटली. आमच्या मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी तास थांबवून यावर चार ओळी करायला लावल्या असत्या.

बैल! आमच्या घराण्याचा जीव की प्राण. उंबऱ्यापाशी नंदी, देव्हाऱ्यात नंदी, बहिणीचं नाव बसव्वा म्हणजे नंदीचंच. मला राहवेना. तिथल्या तिथे अक्काला फोन लावला.

"अक्का, सापडलं! पोरगं तर आपलंच निघालं. बैल राखणाऱ्याचं घराणं. हजार वर्षांपासून नंदीची सेवा. सरळ नंदी गोत्र!"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, साखर वाटायला उठली.

"तम्मा," ती म्हणाली, "आपलं गोत्र कुटलं?"

"नंदी."

"आनि त्येचं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"म्हंजे भाऊच की रं तिचा! बहीन-भावाचं लगीन लावतोस व्हय रं? एवढा शिकला-सवरलास, कविता म्हनतोस, आनि पोरीसाटी भाऊ हुडकून आनलास?"

"अक्का, ते नुसतं आडनाव आहे…"

"आता नुसतं व्हय? मगाशी हजार वर्सं म्हनलास." फोन ठेवला.

आतून सौंदर्यानं सगळं ऐकलं होतं. रागावेल असं वाटलं, पण ती दाराला टेकून पोट धरून हसली. हसता हसता डोळे पुसले. हसून हसूनच पाणी आलं असणार.

२४ नोव्हेंबर

अक्का फोन उचलत नाही.

१ डिसेंबर

आज मोबाइलवर मुलाचे वडील भेटले. डेरेक त्यांचं नाव. पूर्वी बस चालवायचे. लाल गालांचा, ऐसपैस माणूस. माझं इंग्रजी शाळेतलं, त्यांचं त्यांच्या गावाकडचं. सौंदर्या मध्ये बसून दोन्हीकडचं पोचवत होती. मी त्यांना त्यांच्या आडनावाचा अर्थ सांगितला. ते खूप वेळ "ऑक्स, ऑक्स" करत राहिले. मग म्हणाले की शाळेत त्यांना सगळे बैल म्हणूनच चिडवायचे, म्हणजे पोरांना बरोबर कळलं होतं.

मी विचारलं, तुमच्यात या नावाचे आणखी कोण? ते म्हणाले, भाऊ नाही, चुलता नाही. आपण आणि टोबी. बाकीचे कुठं असतील ते माहीत नाही. सहज बोलले, जसं कुणी पाऊस थांबल्याचं सांगावं. मला मात्र कसंतरी झालं. मी म्हणालो, "नाव राहायला पाहिजे." सौंदर्यानं ते त्यांना सांगितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आज्जा, तुम्ही त्यांच्या नावाची एवढी काळजी करता. मी कधी जाणार ते एकदा तरी विचारलंत का?"

असेल, विचारलं नसेल. त्या वेळी माझ्या डोक्यात ते बैल आणि ते धुकं होतं.

८ डिसेंबर

एसटीनं गडहिंग्लजला जाऊन आलो. राजशेखर गाडीनं सोडतो म्हणाला, पण माफी मागायला जाताना मोटारीतून उतरणं बरं दिसत नाही.

अक्का सोप्यात बसून तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"या, नंदीवालं."

मी रस्ताभर जुळवलेला मुद्दा मांडला. बैल राखणारा वेगळा आणि बैल वेगळा. राखणाऱ्याला नंदी गोत्र कसं लागेल? तो भृंगीही असू शकतो, स्कंदही असू शकतो, आणि बैलच धरायचा तर वृषभ गोत्रही आहेच.

"तू अडत्या हाईस का वकील? सौद्यात एकदा भाव बोललास तर मागं घेत हुतास काय?"

"नाही."

"मग?"

तिनं ताक दिलं. ताकाबरोबर काय काय विचारत बसली. तिकडं गेलेल्या पोरी किती वर्सांनी येतात? सणाला येतात का? गेल्या वर्सी शेजारच्या मल्लेशची पोरगी गेली, ती आईच्या आजारपणाला सुद्धा आली नाही, खरं काय? मी म्हटलं, अक्का, आपण गोत्राचं बोलतोय. ती म्हणाली, "गोत्राचंच बोलालोय की मी."

निघताना तिनं मला फडताळातला एक पितळी डबा काढून दिला. सौंदर्या सुट्टीला यायची तेव्हा त्यात शेंगाचे लाडू असायचे. आजही भरलेला होता. घरात एकटं माणूस, लाडू कुणासाठी वळते कोण जाणे.

१६ डिसेंबर

सौंदर्यानं तिकडच्या कचेरीत नोंदणीची तारीख मागितली. मार्चमधली मिळेल म्हणाली. प्रेरणा दिवसभर स्वयंपाकघरात कपाटं पुसत होती. मी ओसरीवर बसून ऑक्सनार्डांच्या जुन्या वस्त्या वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं दिसत होती, पण शिरत नव्हती. आज पहिल्यांदाच त्या नावाचा कंटाळा आला.

२२ डिसेंबर

आजचं सगळं लगेच लिहून काढतो.

सकाळी दारात रिक्षा थांबली. बघतो तर अक्का! हातात पिशवी, पदर खोचलेला, एकटीच एसटीनं आलेली. रिक्षावाल्याशी भांडत होती. "म्हातारी बघून जास्त सांगतोस व्हय रं?" मग आत येऊन आसनावर बसली, पाणी प्यायली आणि सौंदर्याला म्हणाली, "त्या पोराला फोन लाव. त्वांड बघू दे."

टोबी काचेत आला. तिकडं पहाट असावी, केस उभे, डोळे अर्धे मिटलेले. अक्कानं त्याला खालून वरून बघितलं.

"ह्येला आई न्हाय म्हनलात न्हवं?"

"नाही," राजशेखर म्हणाला.

"मग मी हाय. मला मूल न्हाय, त्येला आई न्हाय. मांडीवर घेतो मी ह्येला. कोरींच्यात घेतला की भृंगी गोत्र. तुमचं नंदी. झालं का मोकळं?"

अक्काच पुढं बोलली. "मटात सामींना इचारून आलोय. ते हसलं. म्हनलं, बसव्वा, पोरगं केवढं हाय बघ आनि मग मांडीचं ठरीव."

"अहो आत्या, पण नातं काय होईल बघा तरी," राजशेखर बोटं मोजायला लागला. "तो माझा आतेभाऊ. सौंदर्या माझी मुलगी…"

"मग? मामाच्या घरची पोरगी आत्याच्या घरात देत्यात न्हवं आपल्यात? ह्येच्याहून चांगली सोयरीक कंची? आनि आता मी वराकडची. मानपान नीट पायजे. लुगडं नऊवारी, आनि तम्मा, त्ये स्वस्तातलं आनशील तर मांडवातनं वरात माघारी नेईन."

सौंदर्यानं तिच्या मांडीत डोकं घातलं. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि बडबडत होती. "सून हाईस आता माझी. वर्साचा पैला सन सासरी करायला लागतोय. इमानानं ये न्हाईतर पोहत ये. सासू बोलवती म्हनल्यावर कोन अडवतंय बघू."

काय शास्त्राला पक्की आहे अक्का! एका गोत्रासाठी केवढा खटाटोप केला.

एक शंका मात्र विचारल्यावाचून मला राहवलं नाही. "अक्का, म्हणजे तिकडं ऑक्सनार्ड एकानं कमी होणार का? आधीच थोडे आहेत."

"कागदावर ऱ्हाऊ दे की त्येचा बैल! देवाफुडं कोरी."

टोबीला सौंदर्यानं सगळं समजावलं. तो गंभीर चेहऱ्यानं ऐकत होता. त्यानं एकच प्रश्न विचारला आणि ती हसत सुटली. आई झाल्यावर त्यांना काय म्हणायचं, असं विचारत होता.

"अव्वा म्हन म्हनावं," अक्का म्हणाली, आणि घाईघाईनं चूळ भरायला मोरीवर गेली. बराच वेळ आली नाही.

५ जानेवारी

मंगलाष्टक मीच रचायचं ठरलं. शार्दूलविक्रीडितात एक ओळ उतरली.

आले दूरदुरून सागर पुरा ओलांडुनी या घरा

पुढच्या ओळीत ऑक्सनार्ड बसवायचा प्रयत्न चार दिवस चाललाय. एकतर वृत्त मोडतं, नाहीतर नाव मोडतं. प्रेरणा म्हणते, नुसतं टोबी घाला. पण तो विरळ झालेला शब्द निदान एकदा तरी कोल्हापूरच्या मांडवात तालात ऐकू यावा, असं मला फार वाटतं.

१ फेब्रुवारी

आज गडहिंग्लजला अक्काच्या सोप्यात दत्तकविधान झालं. स्वामी आले होते. डेरेक पांढरा सदरा घालून भिंतीपाशी उभे. मुलाचा बाप म्हणून त्यांची परवानगी लागते असं स्वामींनी सांगितलं, तेव्हा त्यांनी टोबीचा हात धरून अक्काच्या हातात दिला आणि काहीतरी पुटपुटले. सौंदर्यानं ते मराठीत सांगितलं नाही, अक्कानंही विचारलं नाही. नुसती मान हलवली, कळल्यासारखी.

मग मांडीवर बसायचा विधी. पोरगं सहा फुटांच्या पुढं, अक्का पाटावर बसलेली, एवढीशी. टोबी सगळा भार स्वतःच्या पायांवर तोलून, घामाघूम होऊन, तिच्या मांडीच्या वर वीतभर तरंगत राहिला.

"बस की सगळा! मोडत न्हाय मी!"

सौंदर्यानं सांगितलं. तो बसला. अक्काच्या तोंडून "शिवशिवशिव" निघालं, पण तिनं त्याला लगेच उठू दिलं नाही. स्वामींचे मंत्र संपले तरी तिचा हात त्याच्या केसांतच होता.

"व्हय रं माझ्या राजा," एवढंच म्हणाली. कुणाला तरी फार वर्षांपासून म्हणायचं असावं तसं.

२ फेब्रुवारी

लग्न झालं. कोल्हापुरात, आमच्या दारातल्या मांडवात, माझ्या डोळ्यांदेखत. पहिली अक्षता वराकडून पडली. नऊवारी लुगड्यातल्या वरमाईनं इतक्या जोरात टाकली की अर्धी माझ्या चष्म्यावर आली. मंगलाष्टकात ऑक्सनार्ड एकदाचं बसवलं. म्हणताना वृत्त जरा लंगडलं, पण डेरेकना स्वतःचं नाव ऐकू आलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून सगळ्या मांडवानं वाजवल्या.

३ फेब्रुवारी

वधूकडच्यांनी वरातीबरोबर जायचं नसतं. मी घरीच थांबणार होतो. अक्कानं मोटारीतून हाक मारली. "तू आता पोराचा मामा हाईस. मामा न्हाय तर वरात कसली? चल बस." बसलो.

गडहिंग्लजला सुनेनं माप ओलांडलं. मग ताटात तांदूळ पसरून आणले आणि टोबीच्या हातात अंगठी दिली. नवऱ्यानं त्या तांदळावर बायकोचं नाव लिहायचं. सौंदर्यानं त्याला देवनागरी शिकवली होती म्हणे. जीभ दातांत धरून, एखाद्या पहिलीतल्या पोरासारखं, त्यानं सावकाश "सौंदर्या" लिहिलं. छान लिहिलं. मग अंगठी तांदळावर थांबली. पुढं काय लिहायचं, म्हणून तो सगळ्यांकडे बघायला लागला.

मी पुढं सरकलो. मला कुतूहल आवरेना. "ऑक्सनार्ड लिही," मी म्हणालो. "त्या नकाशावर एक ठिपका वाढेल."

"पासपोर्टवर पट्टणशेट्टी आहे, तेच राहू दे," मोबाइलवरून राजशेखर.

"मांडीवर घेतल्यावर कोरी पाहिजे खरं तर," शेजारचा मल्लेश.

डेरेकही काहीतरी म्हणाले. सौंदर्या गालात हसत उभी. टोबीची अंगठी तशीच अधांतरी.

अक्कानं त्याच्या हाताखालचं ताट उचललं. "फुडं काय बी लिवू नगा. तांदूळ हाईत ते, शिजवायचं हाईत." आणि ताट घेऊन आत गेली.

तांदूळ वासाचा, आजरा घनसाळ होता. शिजायला लागला तसा वास परसापर्यंत गेला. डेरेकनी दोनदा वाढून घेतला, मी तीनदा.